प्रत्येक वेळी अठ्ठावीस

३ मार्च, सोमवार

बारक्यास,

खुशाली विचारायला हे पत्र लिहीत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद.

शनिवारी संध्याकाळी सहा दहाला सरावाला बसलो, गाण्यांच्या कॉर्डचं अ‍ॅप उघडलं आणि बघतो तर चार्टची अक्षरं दुप्पट. मी आकार चौदा ठेवतो, तिथे अठ्ठावीस. ओळीत चार घरं ठेवतो, तिथे दोन. जे गाणं एका पानात बसतं ते तीन पानांवर पसरलेलं, गावाहून आल्यावर कुणी बॅग उपडी करावी तसं. वजाचं बटण सात वेळा दाबून सगळं जागेवर आणलं. एका दाबाला दोन आकडे, म्हणजे सात दाब. आज उघडलं तर पुन्हा अठ्ठावीस.

मी हात लावलेला नाही. तुझी वहिनी लावणार नाही. गिटारची पेटी उघडल्याचा आवाज आला की ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते, हे तुला माहीत आहे. खात्याचा पासवर्ड जगात दोघांना ठाऊक. एक मी. दुसरा कोण, ते तूच सांग.

माझे चार्ट कसे असतात हे तुला नव्याने सांगायला नको, तरी सांगतो, कारण आठ महिन्यांत माणूस बरंच सोयीचं विसरतो. चार मात्रांचं एक घर. घरात कॉर्डचं नाव, दुसरं काही नाही. अख्खं गाणं एका पानावर, कारण वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पान उलटायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं. असे चारशे बारा चार्ट मी उभे केलेत. कुठल्या शाळेत शिकून नाही. लेथवर बुश कापता कापता शिकलेला माणूस आहे मी, पण त्या चारशे बारांत एक रेघ वाकडी दाखव.

तीस तारखेला कार्यक्रम आहे. पूर्ण सभागृह, आपला ग्रुप पहिल्यांदाच एकटा मंचावर. त्या दिवशी ऐन गाण्यात माझ्यासमोर अठ्ठावीसची अक्षरं नाचली तर काय होईल, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मागच्या वेळी चार्टवर ढळढळीत एफ लिहिलेलं असताना तू गाणं ईमधून उठवलंस. सगळे एका पट्टीत, तू दुसऱ्या. तेव्हा मी जे बोललो ते बोललो. माईक चालू होता हे मला माहीत नव्हतं. त्यावर आणखी काही लिहिणार नाही.

पुन्हा हात लावलास तर पासवर्ड बदलेन. मग बस चारशे बारा चार्ट आठवत.

खातं ज्याच्या नावावर आहे तो,
दादा


११ मार्च, मंगळवार

बारक्यास,

पत्र पोचलंय. पोस्टमनला विचारून खात्री केली. उत्तर नाही. ठीक.

आता माझी वही ऐक. एक तारीख, तीन, चार, सहा, आठ, दहा आणि आज अकरा. सात वेळा. प्रत्येक वेळी मी चौदावर आणून ठेवतो, तू परत वाढवतोस. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी अठ्ठावीस. सव्वीस नाही, तीस नाही. चुकून झालेल्या गोष्टीत एवढी शिस्त नसते. हा हट्ट आहे. लहानपणी मी टेबलावरची तुझी वही सरळ केली की तू मुद्दाम तिरकी करून ठेवायचास, तोच.

सहा तारखेपासून नवा प्रकार. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं! रस्त्यावरच्या टॅक्सीसारखी. सरावाला आपल्या गाणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांनी माझ्या खांद्यावरून टॅबमध्ये डोकावलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे काय, चष्मा बदलायचा कंटाळा आला वाटतं?" ड्रमवाला हसला. बेसवाल्यानेही हसून घेतलं. त्याला एरवी विनोद दुसऱ्या दिवशी कळतो. मी म्हटलं, "अ‍ॅप बिघडलंय." खोटं बोललो. घरचं भांडण चव्हाट्यावर नको म्हणून.

पण मी पुरावा नसताना आरोप करणारा माणूस नाही. अ‍ॅपवाल्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर असं : सेटिंग यंत्रात नसतं, खात्यात असतं. खातं जिथे जिथे उघडलेलं आहे तिथे कुठेही बदललं की सगळीकडे बदलतं. 'आपल्या खात्यावर दोन यंत्रं आहेत.' एक माझा टॅब. दुसरा मीच तुला दिलेला.

मग मी विचार केला की एकट्या माणसाला एवढी अक्षरं कशाला लागतात? व्हर्निअर काढून मोजलं. अठ्ठावीसचं मोठं अक्षर सात मिलिमीटर उंच. टॅब टेबलावर उभा केला आणि टेप धरून मागे मागे गेलो. नऊ फुटांवरूनही मला सगळं वाचता आलं. म्हणजे एका टॅबसमोर अर्धवर्तुळात पाच-सहा माणसं आरामात बसू शकतात. आणि काळ्यावर पिवळं कुठे ठेवतात? जिथे मंचावर अंधार असतो तिथे.

तू दुसरा ग्रुप धरलायस. मध्ये टॅब ठेवून माझे चार्ट सगळ्यांना पाजतोयस. बरोबर?

ड्रमवाला मला कालच सांगत होता. तू बसथांब्यावर त्याच्या समोरून गेलास. त्याने हात केला, नावाने हाक मारायच्या आधी तू त्याच्या तोंडाकडे पाहिलंस आणि तसाच पुढे गेलास. "माजलाय तुमचा भाऊ," म्हणाला. मी तुझी बाजू घेतली नाही. कशी घेऊ? नवीन मित्र मिळाले की जुन्यांची तोंडं अनोळखी होतात.

मीही सापळा लावायला शिकलोय. लावलाय. कुठल्या गाण्यात ते सांगणार नाही.

दादा


२० मार्च, गुरुवार

बारक्यास,

सापडलास.

बाईंच्या त्या संथ गाण्यात, सतराव्या घरात, डी मायनर होता. मी अकरा तारखेला मुद्दाम तिथे डी मेजर घातला. कानात खडा जावा तशी ती कॉर्ड तिथे टोचते. हेतू असा की कुठल्या कार्यक्रमात कुणी तिथे तेच वाजवलं, तर चार्ट माझाच आहे हे सिद्ध. काल बघतो तर डी मेजर नाही. माझा जुना डी मायनरही नाही. तिथे बी फ्लॅट मायनर.

म्हणजे आता नुसती अक्षरं फुगवून भागत नाही. माझ्या चार्टमध्ये शिरून कॉर्ड बदलतोस.

बदललेली कॉर्ड काय प्रकार आहे ते बघावं म्हणून वाजवली. तीन वेळा वाजवली. चौथ्यांदा कशाला वाजवली ते माझं मला ठाऊक. सरावाला बाई त्या जागी आल्या आणि थांबल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा वाजवलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं गाते मी हे. ही जागा इथे होती हे मला कुणी सांगितलं नाही. कुठून आणलीत?"

मी म्हटलं, "बदलली."

कुणी बदलली ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. यात खोटं काही नाही. हे मी तुला का लिहितोय, मला माहीत नाही. पण पुराव्याची वही अर्धवट ठेवायची सवय मला नाही.

आणि हो, चार्ट माझे आहेत. तू वाजवायचास, 'दादा, इथे असं वाटतं' म्हणायचास आणि मी लिहायचो, हे खरं असलं तरी लिहिलं कुणी? तुझा कान हवेत विरला असता. तो कागदावर कुणी आणला? ऐकणं वेगळं, नोंदवणं वेगळं. ऐकायला काय, कुणीही ऐकतं.

तेरा, पंधरा, अठरा आणि आज. एकूण अकरा वेळा. आकार, लिहायलाच नको, अठ्ठावीस.

रविवारी सकाळी पासवर्ड बदलतोय. तुझ्या टॅबवर रिकामी पाटी दिसेल. त्याआधी एकच गोष्ट बाकी आहे. तो ग्रुप मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. कुठे आणि कधी येतोय ते सांगत नाही; सांगितलं तर तू खुर्च्या उचलशील.

दादा


२३ मार्च, रविवार

बारक्या,

घाबरू नकोस, बंडल जाड आहे पण मजकूर थोडा आहे. कारखान्यातले ड्रॉइंगचे कागद आणले, पट्टीने रेघा मारल्या, जाड मार्कर घेतला. एका कागदावर मोजून नऊ ओळी. अक्षर असं का काढलंय ते शेवटी सांगतो. हे पाकीट तुझ्या बायकोच्या हातात देऊन तिला बजावलंय की वाचून दाखवायचं नाही. त्याने विनवलं तरी नाही. तू खिडकीपाशी बस, हवा तेवढा वेळ घे.

काल संध्याकाळी पाचला मी तुझ्या गल्लीत होतो. समोरच्या टायरच्या दुकानाच्या आडोशाला. असं करायला मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही. तुझी खिडकी उघडी होती. मला पाच-सहा खुर्च्या बघायच्या होत्या.

एक खुर्ची होती.

टॅब कीबोर्डवर टेकवलेला आणि तुझं नाक त्याच्यापासून वीतभर. मान एका बाजूला वळवून तू कडेकडेने बघत होतास, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. दोन घरं वाचायची, मागे सरून वाजवायची, परत वाकायचं. संथ गाणंच होतं. सतराव्या घरापाशी तू टॅबकडे पाहिलंही नाहीस.

मला वाटलं, नाटक करतोय. हो, पहिला विचार हाच आला. टायरवाल्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? मग तू पाण्याचा पेला घ्यायला हात नेलास आणि पेल्याच्या शेजारची हवा धरलीस.

जिना चढलो, बेलपर्यंत बोट नेलं आणि थांबलो. तेवढ्यात खालून तुझी बायको आली. हातात भाजीची पिशवी.

"दादा? इथे काय उभे? आत या ना."

"नको. त्याला काय झालंय?"

तिने पिशवी खाली ठेवली, दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वर्ष होत आलं. नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं पुसलेलं. माणसाचं तोंडच दिसत नाही त्याला. आवाज आला तर ओळखतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "त्या दिवशी मंचावर तुम्हीच म्हणालात ना, चार्ट वाचता येत नसेल तर घरी बस. तीनशे माणसं हसली, दादा. तो घरी बसला."

मी माझी पत्रं विचारली. म्हणाली, तिन्ही तशीच कपाटावर आहेत, बंद. 'दादाचं अक्षर मुंगीएवढं, ते मला दिसायचं नाही. आणि आत काय असणार ते न बघता माहीत आहे,' असं तू म्हणालास. उघडू नकोस, बारक्या. तिलाही उघडू देऊ नकोस. तशीच टाकून दे.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, आहे तिथे थांबलं तर वर्षानुवर्षं असंच राहील. वाढलं तर झपाट्याने वाढेल. फेब्रुवारीअखेर याने परत कीबोर्ड उघडला. मला वाटलं, सुटलो. पण आता वाढतंय, दादा. रोज वाढतंय. एक-दोन दिवसांआड सकाळी टॅब उघडला की आधीपेक्षा अक्षर बारीक दिसतं त्याला. दिसेपर्यंत अधिकचं बटण दाबतो आणि मोजतो. पहिल्यांदा सात वेळा. दुसऱ्यांदा आणखी सात, झाल्या चौदा. मग एकवीस. आता सत्त्याहत्तरवर आलाय. म्हणतो, आणखी महिन्याभरात एका पाटीवर एकच अक्षर लागेल, मग तेही नाही. डॉक्टरकडे परत जायलाही तयार नाही. काय ऐकायचंय ते मला माहीत आहे, म्हणतो."

"आकडा? बटणाशेजारी आकडा असतो ना?"

"तो आकडा केवढा असतो, दादा? त्याला कसा दिसणार? आणि सकाळी मी कामावर असते."

सत्त्याहत्तरला सातने भागायला मला कागद लागला नाही. अकरा. माझ्या वहीतही अकराच. मग तिने ते दुसरं सांगितलं : सोमवारी सकाळी दहाला शाळेची गाडी येतेय, तू कीबोर्ड शाळेला देऊन टाकतोयस. हातात जोर आहे तोवर आपल्या हाताने देतो, असं म्हणालास म्हणे.

मी आत यायला हवं होतं. आलो नाही. काय तोंडाने येणार होतो? आणि नुसतं तोंडी सांगितलं असतं, तर दादा माझं मन राखायला बोलतोय, असं तुला वाटलं असतं. तू तसाच आहेस. म्हणून लिहितोय. लिहिलेलं तू खोडू शकत नाहीस.

आता नीट वाच.

तुझी अक्षरं रात्रीतून बारीक होत नव्हती. मी करत होतो. संध्याकाळी कामावरून आलो की वजाचं बटण सात वेळा दाबून मी चौदावर आणायचो. तुला वाटलं, तू कालच्या आकारावर चढवतोयस. नाही. तू दर वेळी चौदावरून सुरुवात करत होतास, कारण मी तुला दर वेळी खाली ओढत होतो. सेटिंग दोन्हीकडे बदलतं, हे मला अ‍ॅपवाल्यांनी लेखी कळवलं होतं. त्यावरून तुझी चोरी पकडली. माझं बदललेलंही तुझ्याकडे पोचत असेल, हे डोक्यात आलं नाही. दांड्याचं एक टोक फिरवलं की दुसरं फिरतं, एवढं तीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला कळलं नाही. मला वाटायचं, मी फक्त माझं घर आवरतोय.

तारखा देतो : १, ३, ४, ६, ८, १०, ११, १३, १५, १८, २०. हे अकरा दिवस तुझे डोळे वाईट झाले नव्हते. ते अकरा दिवस मी होतो.

पाकिटात माझी वही आहे, तुला गुन्हेगार ठरवायला ठेवलेली. हिच्यात प्रत्येक तारखेपुढे तू चढवून ठेवलेला आकार लिहिलेला आहे. एक तारखेला अठ्ठावीस. वीस तारखेला अठ्ठावीस. मधल्या एकाही दिवशी तुला तीस लागले नाहीत. तीन आठवड्यांत तुझी नजर केसभर हललेली नाही. ही वही घेऊन डॉक्टरकडे जा. त्यांनाही पटेल, मी आकडे खोटे लिहीत नाही.

बाकी बरंच खोटं लिहिलं. माईक चालू होता हे मला माहीत होतं. समोरचा लाल दिवा मला दिसत होता. आणि एफचा ई झाला तो चौदाच्या अक्षरात, जे कुणालाही न विचारता मी ठरवलेलं होतं. अख्खं गाणं एका पानावर हवं, हा नियमही माझाच, कारण पुढे काय येणार हे मला ऐकू येत नाही, मला ते बघावं लागतं. तुला कधी बघावं लागलं नाही. चारशे बारा चार्टांत माझं म्हणावं असं फक्त अक्षर आहे. काल रात्रीपासून हे वाक्य लिहायचं टाळतोय, म्हणून सहा कागद वाया गेले.

आज सकाळी बाईंना फोन करून सांगितलं की सतराव्या घरातली जागा बारक्याची. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच, तुमच्यात एवढा हळवेपणा कुठला." सुनावायला एक नंबर. मी ऐकून घेतलं. ड्रमवाल्यालाही सांगितलंय की हात करायचा नाही, हाक मारायची.

पासवर्ड तोच आहे. सेटिंग अठ्ठावीसवर आहे, काळ्यावर पिवळं, ओळीत दोन घरं. मी आता त्याच्यावरच सराव करतोय. पानं उलटावी लागतात, चुकतो, शिव्या घालतो. जमेल. तीस तारखेचं मी काही विचारत नाही. तो माझा अधिकार नाही.

आता अक्षराचं. हे पत्र मी सात मिलिमीटर उंचीचं लिहिलंय. प्रत्येक ओळ व्हर्निअरने तपासली आहे. म्हणजे अठ्ठावीस. एक तारखेला तू जे वाचत होतास नेमकं तेवढंच, त्याहून केसभर मोठं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ठेवावा असं मी काही केलेलं नाही. पण हा चव्वेचाळिसावा कागद आहे, आणि इथपर्यंत कुणी वाचून दाखवलेलं नाही.

उद्या दहाला शाळेची गाडी आली की तिला परत पाठव.

दादा